रेणूची त्रिमितीय रचना ब्राउझरमध्ये पाहताना: आधी काय तपासायचं, मग काय फिरवायचं

जर्नलमध्ये हिमोग्लोबिनचं रंगीत चित्र चिकटवलेलं असतं. व्हायवाला बाहेरून आलेल्या मॅडम विचारतात, "यात ऑक्सिजन कुठे आहे, दाखव बरं." विद्यार्थी चित्रभर शोधत राहतो. त्या रचनेत ऑक्सिजन नसतोच, कारण ती ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनची असते. मुंबईतल्या कॉलेजांत बायोटेक, लाइफ सायन्स आणि बायोइन्फर्मेटिक्सच्या प्रॅक्टिकलला हा प्रकार इतक्यांदा दिसतो, की सगळी प्रक्रिया एकदा क्रमाने मांडायलाच हवी.

चूक माउस चालवण्यात होत नाही, ती त्याआधीच झालेली असते. ब्राउझर उघडल्या उघडल्या जो देखावा दाखवतो, त्यात कुठला भाग दिसावा, कुठला लपावा, कशाला कोणता रंग द्यावा हे सॉफ्टवेअरने परस्पर ठरवलेलं असतं. समोर नेमकं काय आलंय हे तपासल्याशिवाय पुढे काही मोजू नका आणि चित्रही काढू नका. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्यासाठीच आहे. उदाहरण शेवटपर्यंत हिमोग्लोबिनचंच घेतलंय. त्यातल्या खाचाखोचा कळल्या की दुसरं कुठलंही प्रोटीन उघडताना काय विचारायचं ते समजतं.

## १. प्रश्न आधी, संकेत नंतर

वहीत एक वाक्य लिहा: मला या रचनेत काय पाहायचंय? "हिमोग्लोबिन पाहायचंय" हा प्रश्न होत नाही. "हीममधल्या लोहाला कोणतं हिस्टिडिन धरून ठेवतं?" हा प्रश्न झाला (हीम म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला, ऑक्सिजन धरणारा भाग; हिस्टिडिन हे एक अमिनो आम्ल). "सिकल सेलमध्ये बदललेलं अमिनो आम्ल शेजारच्या रेणूला कुठे चिकटतं?" हाही झाला. प्रश्नावरून रचना ठरते. आपल्या कामाला या चार पुरतील:

- ४एचएचबी: माणसाचं ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन, रिझोल्यूशन (रचना किती बारकाईने दिसली त्याचा आकडा) १.७४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). पाठ्यपुस्तकांत बहुतेक वेळा हीच असते.
- १एचएचओ: ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन, २.१ अँगस्ट्रॉम.
- २डीएन२: पुन्हा ऑक्सिजनविरहित, पण १.२५ अँगस्ट्रॉमची. मोजमापासाठी ही घ्या.
- २एचबीएस: सिकल सेलचं हिमोग्लोबिन, २.०५ अँगस्ट्रॉम.

प्रोटीन डेटा बँक या रचनांच्या खुल्या संग्रहातले हे संकेत चार चिन्हांचे असतात आणि पहिलं चिन्ह आकडा असतं. शोधचौकटीत ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. लहान-मोठ्या लिपीने फरक पडत नाही.

सावधान: १एचएचओ मधलं शेवटचं चिन्ह 'ओ' हे अक्षर आहे, शून्य नाही. शून्य टाकलं की रचना सापडत नाही किंवा भलतंच काही उघडतं. इंटरनेट बंद आहे अशी तक्रार करण्याआधी हे बघा.

संकेत माहीत नसेल आणि नुसतं 'हिमोग्लोबिन' शोधलं, तर घोड्याचं, माशाचं, मुद्दाम बदल केलेलं असं सगळं एकत्र समोर येतं. डावीकडच्या गाळणीत जीव म्हणून 'होमो सेपियन्स' निवडा. मग एंट्रीच्या, म्हणजे त्या रचनेच्या नोंदीच्या, पानावर 'म्युटेशन' या शब्दापुढे 'नो' आहे का, ते वाचा.

## २. मशीन आणि ब्राउझर

रचना दाखवणारी ही साधनं (दर्शक) वेबजीएलवर चालतात, म्हणजे ब्राउझरला कॉम्प्युटरच्या ग्राफिक्सचा वापर करता यायला हवा. get.webgl या नावाचं तपासणीचं पान (गेट डॉट वेबजीएल डॉट ओआरजी) उघडा. फिरणारा घन दिसला की काम झालं. दिसला नाही तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' या भागात जाऊन ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू करा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसता टॅब बंद करून भागत नाही.

लॅबमधलं मशीन फारच जुनं असेल तर जेएसमोल वापरा. त्याला वेबजीएलही लागत नाही आणि जावाही लागत नाही. ते हळू चालतं, पण हिमोग्लोबिनएवढ्या रेणूला पुरेसं आहे.

फाइल घरून पेनड्राइव्हवर न्यायची असेल तर एमएमसिफ प्रकारातली घ्या. जुना पीडीबी प्रकार ९९,९९९ अणू आणि ६२ साखळ्यांपर्यंतच (साखळी म्हणजे अमिनो आम्लांची एक सलग माळ) चालतो, त्यामुळे मोठ्या रचना त्या प्रकारात मिळतच नाहीत. विंडोज फाइलच्या नावाचा शेवट लपवून ठेवतं, म्हणून नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केलेल्या फाइलला मागे गुपचूप 'टीएक्सटी' चिकटू शकतं आणि मग दर्शक ती वाचत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये नावाचे शेवट दाखवायचा पर्याय चालू करून बघा.

फोनवर, लोकलमध्ये उभ्या उभ्या, रेणू फिरवून पाहायला काहीच हरकत नाही. एकेक अणू निवडायचं काम मात्र बोटाने नीट होत नाही. मोजमापाला माउस हवा.

सावधान: कुतूहल म्हणून लॅबच्या मशीनवर एचआयव्हीच्या कॅप्सिडची (विषाणूच्या कवचाची) ३जे३क्यू ही रचना उघडू नका. तिच्यात १,३५६ साखळ्या आहेत. ब्राउझर अडकला की शेजारच्याचंही काम खोळंबतं.

## ३. साधन कोणतं

मोल-स्टारने सुरुवात करा. प्रोटीन डेटा बँकेच्या अमेरिकी आणि युरोपीय अशा दोन्ही संकेतस्थळांवर हाच दर्शक आहे, त्यामुळे एकदा शिकलेलं सगळीकडे कामी येतं. आरसीएसबीच्या, म्हणजे अमेरिकी संकेतस्थळाच्या, एंट्रीवर 'स्ट्रक्चर' टॅब दाबला की तो उघडतो. स्वतःच्या फाइलसाठी मोल-स्टारच्या संकेतस्थळावरचा स्वतंत्र दर्शक वापरा. तिथे फाइल तुमच्या ब्राउझरमध्येच वाचली जाते. गाइडची अप्रकाशित रचना हाताळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि दुवा करून पाठवण्याची सोय वापरण्याआधी त्यांना विचारावं, कारण तिथे माहिती सर्व्हरवर जाऊ शकते.

एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राचं आयसीएन३डी अनेक रचना एकमेकांवर बसवून पाहायला चांगलं आहे. पायथनच्या नोटबुकमध्ये रेणू दाखवायचा असेल तर पायथ्रीडीमोल. बारावीच्या मुलांना लहान सेंद्रिय रेणू दाखवायला मोलव्ह्यू सोपं पडतं. एका प्रॅक्टिकलला एकच साधन धरा. रंगांचे आणि बटणांचे संकेत प्रत्येकात वेगळे असतात आणि मध्येच बदललं की गोंधळ उडतो.

## ४. एंट्रीचं पान वाचा

त्रिमितीय चित्राकडे धाव घेण्याआधी एंट्रीच्या पानावरच्या पाच गोष्टी वहीत उतरवा: पद्धत, रिझोल्यूशन, जीव, साखळ्यांची यादी, लिगंडची (प्रोटीनला जोडलेल्या छोट्या रेणूंची) यादी.

पद्धत. रचना कोणत्या तंत्राने काढली: एक्स-रे, एनएमआर की क्रायो-ईएम? एनएमआरच्या एंट्रीत एकाच प्रोटीनची अनेक मॉडेल्स असतात. युबिक्विटिनच्या १डी३झेडमध्ये ती १० आहेत. एकावर एक ठेवलेली पाहून "ही दहा साखळ्यांची रचना आहे" असं लिहिलेली जर्नलं असतात. एनएमआरला रिझोल्यूशनचा आकडा नसतो, तेव्हा तो शोधत बसू नका.

रिझोल्यूशन. आकडा लहान तितकी रचना बारकाईने दिसलेली. दोनच्या खाली असेल तर बाजूच्या साखळ्यांबद्दल (अमिनो आम्लांच्या मुख्य कण्यातून फुटणाऱ्या फांद्यांबद्दल) बऱ्यापैकी विश्वासाने बोलता येतं. तीनच्या वर गेला की मुख्य कण्याचा मार्ग ठीक समजा, पण एखाद्या बाजूच्या साखळीचा कोन किंवा हायड्रोजन बंध यावर निष्कर्ष बेतू नका.

लिगंड. ४एचएचबीच्या यादीत 'एचईएम' म्हणजे हीम आहे. 'ओएक्सवाय' म्हणजे ऑक्सिजन नाही. १एचएचओच्या यादीत 'ओएक्सवाय' आहे. परीक्षकांच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं, रेणू फिरवायच्या आधी.

पानावर लाल ते निळ्या रंगाची गुणवत्तेची पट्टीही असते. खूण निळ्या टोकाकडे असेल तर बरं. जुन्या रचनांत ती लाल टोकाकडे दिसली म्हणजे रचना टाकाऊ झाली असं नाही, पण त्यातून दशांशातले निष्कर्ष काढू नका.

तपासा: पाचही गोष्टी लिहून झाल्या? नसतील तर पुढे जाऊ नका. आकृतीखालची ओळ यांतूनच तयार होणार आहे.

## ५. मॉडेल की असेंब्ली

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून या पायरीवर थोडं थांबतो.

एक्स-रेच्या फाइलमध्ये जे अणू लिहिलेले असतात, तो स्फटिकाचा असा किमान भाग असतो जो पुन्हा पुन्हा मांडून सगळा स्फटिक तयार होतो. ठशाच्या कापडावर एकच लाकडी ठसा ओळीने उमटवत नेतात, तसं. फाइलमध्ये तो एक ठसा असतो. या भागाला असिमेट्रिक युनिट म्हणतात आणि मोल-स्टारमध्ये तो 'मॉडेल' या नावाने दिसतो. शरीरात प्रोटीन ज्या रूपात काम करतं, त्याला 'असेंब्ली' म्हणतात. ही दोन कधी एकच असतात, कधी मॉडेल असेंब्लीचा तुकडा असतो, तर कधी मॉडेलमध्ये एकाहून जास्त असेंब्ली असतात. हिमोग्लोबिनमध्ये तिन्ही प्रकार सापडतात, म्हणूनच ते उदाहरण म्हणून उत्तम.

४एचएचबी उघडा. उजवीकडच्या 'स्ट्रक्चर' पॅनेलमध्ये 'टाइप' हा पर्याय आहे. तो एकदा 'असेंब्ली' आणि एकदा 'मॉडेल' करून पाहा. दोन्ही वेळा चार साखळ्या दिसतील, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फात १४१ अमिनो आम्लं, बीटात १४६.

आता १एचएचओ उघडा. 'मॉडेल' केलंत तर फक्त एक अल्फा आणि एक बीटा दिसेल, म्हणजे अर्धंच हिमोग्लोबिन. 'असेंब्ली' केल्यावर उरलेला अर्धा भाग सममितीने तयार होऊन चार साखळ्या पूर्ण होतात. डाउनलोड केलेली फाइल जुन्या दर्शकात उघडणाऱ्यांना हाच अर्धा भाग दिसतो, आणि "ऑक्सिजन जोडला की हिमोग्लोबिनचे दोन तुकडे होतात" असा भलताच निष्कर्ष जर्नलात उतरतो. प्रोटीनचे तुकडे झालेले नसतात. फाइलमध्ये तेवढाच भाग लिहिलेला असतो.

तिसरी, २एचबीएस. इथे उलटं आहे. मॉडेलमध्ये आठ साखळ्या, म्हणजे शेजारीशेजारी असलेले हिमोग्लोबिनचे दोन पूर्ण रेणू. सिकल सेलमध्ये रेणू एकमेकांना कसे चिकटतात हे पाहायचं, तर दोन्ही दिसायला हवेत. आरसीएसबीचा दर्शक आपणहून पहिली असेंब्ली दाखवतो. तिच्यात चारच साखळ्या दिसल्या तर जे पाहायला आलात तेच पडद्यावरून गायब आहे. 'टाइप' बदलून 'मॉडेल' करा.

"नेहमी असेंब्लीच पाहा" हा सरधोपट नियम म्हणूनच चालत नाही. प्रोटीन कसं काम करतं हा प्रश्न असेल तर असेंब्ली. स्फटिकात शेजारी कोण आहे हा प्रश्न असेल तर मॉडेल, आणि लागलं तर सममितीचे शेजारी दाखवणारा पर्याय.

तपासा: पडद्यावर दिसणाऱ्या साखळ्या मोजा. एंट्रीच्या पानावरच्या आकड्याशी जुळतात का? जुळत नसतील तर का, ते एका वाक्यात लिहा.

## ६. माउस

डावं बटण धरून ओढलं की रेणू फिरतो, चाक फिरवलं की जवळ-लांब होतो, उजवं बटण धरून ओढलं की सरकतो. एखाद्या रेसिड्यूवर (साखळीतल्या एका अमिनो आम्लावर) क्लिक केलं की दर्शक तिथे जवळ जातो आणि आजूबाजूचे अणू व त्यांच्यातले दुवे दाखवतो. रिकाम्या जागी क्लिक केलं की ते निघून जातात.

शिफ्ट धरून चाक फिरवलं तर रेणूचा पुढचा-मागचा भाग कापला जातो. हे बहुतेकांकडून नकळत होतं आणि मग "अर्धं प्रोटीन नाहीसं झालं" अशी धावपळ उडते. उजवीकडच्या वर्तुळाकार बाणाचं, कॅमेरा पूर्ववत करणारं बटण दाबा. पान पुन्हा लोड करू नका, केलेलं काम जातं.

## ७. काय दाखवायचं, कशाला कोणता रंग

लाल ठिपके म्हणजे पाण्याचे रेणू. स्फटिकात हायड्रोजन सहसा दिसत नाहीत, म्हणून पाण्याचा फक्त ऑक्सिजन ठिपक्यासारखा दिसतो. पाणी तुमच्या प्रश्नात नसेल तर 'कंपोनंट्स'मध्ये 'वॉटर'समोरचं डोळ्याचं चिन्ह दाबून ते लपवा. काढून टाकू नका, पुढे लागू शकतं.

रंगांबाबत एक ठाम सवय मोडायला हवी. बारावीपासून डोक्यात बसलेलं असतं की कार्बन राखाडी, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, गंधक पिवळं. मोल-स्टारमध्ये कार्बनला सहसा साखळीचा रंग मिळतो. हिरवा कार्बन पाहून "हा क्लोरीन" असं सांगितलं जातं. अणूवर नुसता माउस नेऊन ठेवा. कोपऱ्यात त्याचं नाव, रेसिड्यू, क्रमांक आणि साखळी दिसते. ओळख नेहमी त्या ओळीवरून सांगायची.

त्या ओळीत साखळीची दोन अक्षरं दिसली तर गोंधळू नका. एक अक्षर डेटा बँकेने दिलेलं असतं, आणि कंसात 'ऑथ' शब्दानंतरचं अक्षर रचना काढणाऱ्यांनी दिलेलं. हीम किंवा पाण्याच्या बाबतीत ही दोन हमखास वेगळी असतात. शोधनिबंधांत आणि पाठ्यपुस्तकांत 'ऑथ'वाली अक्षरं आणि क्रमांक वापरतात, तेव्हा जर्नलातही तेच लिहा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

तुटक रेषा दिसली तर तो बंध नव्हे. तिथली अमिनो आम्लं प्रयोगात नीट दिसलीच नाहीत, म्हणून जागा मोकळी आहे. तिथे काही नाही असं समजू नका. तो भाग बहुधा हलता असतो.

## ८. मोजमाप

२डीएन२ उघडा. प्रश्न असा: लोह आणि त्याला धरणारं हिस्टिडिन यांच्यात अंतर किती?

१. वरच्या क्रमपट्टीत (अमिनो आम्लांचा क्रम दाखवणाऱ्या पट्टीत) साखळी 'ए', म्हणजे अल्फा, निवडा. ८७व्या क्रमांकाच्या हिस्टिडिनवर क्लिक करा. दर्शक तिथे जाईल आणि शेजारी हीम दिसेल.

२. बाजूच्या चिन्हांतून निवड-मोड चालू करा. त्याचं चिन्ह माउसच्या बाणाचं आहे. वर नवी पट्टी उघडेल.

३. त्या पट्टीत निवडीची पातळी 'रेसिड्यू' असते. ती बदलून 'ॲटम' करा. ही पायरी वगळली तर पुढचा आकडा चुकीचा येतो. रेसिड्यू पातळीवर दर्शक दोन गटांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर देतो. ते लोह-नायट्रोजन अंतरापेक्षा बरंच जास्त येतं, पण पडद्यावर आकडा तितक्याच आत्मविश्वासाने झळकतो.

४. आधी लोहाच्या अणूवर क्लिक करा, मग हिस्टिडिनच्या 'एनई२' या नायट्रोजनवर. 'मेझरमेंट्स'मध्ये 'ॲड', मग 'डिस्टन्स'.

आकडा दोन ते सव्वादोन अँगस्ट्रॉमच्या आसपास यायला हवा. सहा-सात आला तर पातळी तपासा. दहाच्या वर गेला तर दुसऱ्याच साखळीतलं हिस्टिडिन धरलंय. बीटा साखळीत हेच काम ९२व्या क्रमांकाचं हिस्टिडिन करतं, ८७वं नाही. अल्फातला क्रमांक बीटाला लावायची चूक फार होते.

हीम कडेने पाहा, म्हणजे त्याची चकती एका रेषेसारखी दिसेल. ऑक्सिजनविरहित रूपात लोह त्या रेषेत नसतं, हिस्टिडिनच्या बाजूला साधारण ०.४ अँगस्ट्रॉम सरकलेलं असतं. मग १एचएचओमध्ये तोच कोन लावा. लोह चकतीच्या पातळीच्या बरंच जवळ आलेलं दिसेल. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की हिमोग्लोबिनचं अर्धं प्रकरण पाठ करावं लागत नाही.

कोन मोजताना तीन अणूंचा क्रम महत्त्वाचा. ज्या अणूपाशी कोन हवा, तो मध्ये, म्हणजे दुसरा निवडायचा. हायड्रोजन बंध मोजताना हायड्रोजन दिसत नसल्याने दोन जड अणूंमधलं अंतर मोजतात, आणि ते साधारण २.५ ते ३.५ अँगस्ट्रॉममध्ये असायला हवं. दर्शकाने आपणहून काढलेल्या तुटक दुव्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, मोजून बघा.

## ९. क्रमांकाचा सापळा: सिकल सेल

पालघर, नंदुरबार, गडचिरोलीतल्या आदिवासी समाजांत सिकल सेलचा प्रश्न मोठा आहे. परळला केईएमच्या आवारातल्या एनआयआयएच या संशोधन संस्थेत अशा रक्तविकारांवर काम चालतं. मुंबईतल्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा प्रकल्प या विषयावर असतो, आणि नेमकं तिथेच क्रमांकाने घात होतो.

जुनी पुस्तकं सांगतात, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी वॅलीन येतं. आजच्या जनुकीय अहवालात हाच बदल सातव्या जागी लिहिलेला असतो. दोन्ही बरोबर आहेत. अहवाल सुरुवातीचं मिथिओनिन मोजतो, पण तयार प्रोटीनमधून ते निघून गेलेलं असतं. २एचबीएसमध्ये जुनी मोजणी आहे. साखळी अशी सुरू होते: वॅलीन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, वॅलीन, ग्लुटामेट. अहवालातला सात हा आकडा घेऊन इथे सातव्या जागी गेलात, तर ग्लुटामेट सापडेल आणि "या रचनेत बदलच नाही" असं वाटेल. मूळ प्रोटीनमध्ये सहावं आणि सातवं दोन्ही ग्लुटामेटच असल्यामुळे ही चूक लक्षातही येत नाही.

करायचं असं. २एचबीएस 'मॉडेल' स्वरूपात उघडा. निवड-मोडमध्ये पातळी 'रेसिड्यू' ठेवा. क्रमपट्टीतून चारही बीटा साखळ्यांतलं सहावं वॅलीन निवडा. वरच्या पट्टीतल्या घनाच्या चिन्हाने त्यांचा वेगळा कंपोनंट करून तो गोळ्यांच्या रूपात दाखवा आणि ब्रशच्या चिन्हाने ठळक रंग द्या. आता सगळी रचना सावकाश फिरवा. चारपैकी एक वॅलीन शेजारच्या रेणूच्या खोबणीत शिरलेलं दिसेल. त्यावर क्लिक करा. समोरच्या बीटा साखळीतलं ८५वं फिनाइलॲलॅनिन आणि ८८वं ल्युसिन जवळ दिसले, तर तुम्ही योग्य जागी आहात.

तपासा: माउस नेल्यावर दिसणारी वॅलीनची साखळी आणि फिनाइलॲलॅनिनची साखळी वेगवेगळ्या रेणूंतल्या आहेत ना? एकाच रेणूतल्या असतील तर शोध पुन्हा सुरू करा.

## १०. प्रयोगातली रचना की गणिताने काढलेली

अल्फाफोल्ड या गणिताने रचना काढणाऱ्या प्रणालीच्या संग्रहात २० कोटींहून जास्त प्रोटीनांच्या भाकीत केलेल्या रचना आहेत. त्यात पी६८८७१ या संकेताने बीटा साखळी मिळते. ती एकटी असते, हीमशिवाय, आणि तिची मोजणी मिथिओनिनपासून सुरू होते. तिथे हीमची जागा रिकामी पाहून "हीम निसटलं" असं लिहू नका. ते त्या रचनेत कधी नव्हतंच.

गडद निळा रंग म्हणजे विश्वास ९०च्या वर, फिकट निळा ७० ते ९०, पिवळा ५० ते ७०, केशरी ५०च्या खाली. केशरी धाग्यासारख्या भागांच्या आकारावरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

सावधान: हा विश्वासाचा आकडा फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या रकान्यात लिहिलेला असतो. एक्स-रेच्या रचनेत बी-फॅक्टर जास्त म्हणजे अणू जास्त डळमळीत, आणि इथे आकडा जास्त म्हणजे विश्वास जास्त. बी-फॅक्टरप्रमाणे रंग दिलात तर अर्थ बरोबर उलटा होतो.

लहान रेणू पबकेम या रसायनांच्या खुल्या संग्रहातून घेताना डाउनलोडच्या यादीत द्विमितीय आणि त्रिमितीय अशा दोन फाइली असतात आणि घाईत पहिलीच दाबली जाते. कापूर घेऊन पाहा. त्याच्या सांगाड्यात दोन वलयं एकमेकांत गुंतलेली असतात, तो सपाट असूच शकत नाही. कडेने पाहिल्यावर एक रेषा दिसली तर द्विमितीय फाइल आलीय. नोटपॅडमध्ये उघडलीत तर अणूंच्या तिसऱ्या रकान्यात सगळी शून्यं दिसतील. पबकेमचा त्रिमितीय आकारही गणिताने काढलेला असतो, मोजलेला नाही. सिसप्लॅटिनसारख्या धातू असलेल्या रेणूंचा तो मिळतच नाही, तेव्हा शोधण्यात वेळ घालवू नका.

## ११. चित्र आणि सेशन

कीबोर्डवरच्या प्रिंट स्क्रीनने काढलेलं चित्र छापल्यावर फुटतं. दर्शकातलं कॅमेऱ्याच्या छिद्रासारखं चिन्ह दाबा आणि रिझोल्यूशन वाढवून चित्र उतरवा. पार्श्वभूमी पांढरी ठेवा. जर्नलाची झेरॉक्स काळी-पांढरी निघते, म्हणून फक्त रंगावर अवलंबून राहू नका. महत्त्वाच्या रेसिड्यूला लेबल द्या, आणि अल्फा-बीटा वेगळ्या दाखवायच्या असतील तर एक फिकट, एक गडद ठेवा.

टॅब बंद करण्याआधी सेशन फाइल उतरवून घ्या. चित्रात दुरुस्ती सांगितली गेली तर त्याच कोनातून पुढे काम करता येतं. फाइलच्या नावात रचनेचा संकेत आणि तारीख टाका. लॅबच्या मशीनवरच ठेवू नका, स्वतःच्या मेलवर पाठवा.

प्रोटीन डेटा बँकेतल्या रचना कुणालाही मुक्तपणे वापरता येतात, तरी रचनेचा संकेत आणि मूळ शोधनिबंध लिहायचाच. आकृतीखाली साधारण अशी ओळ हवी:

"माणसाचं ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन, पीडीबी संकेत २डीएन२, एक्स-रे, १.२५ अँगस्ट्रॉम. असेंब्ली १. साखळी ए मधलं हिस्टिडिन ८७ आणि हीमचं लोह दाखवलं आहे, क्रमांक रचनाकारांचे. पाणी लपवलं आहे. चित्र: मोल-स्टार."

जमा करण्याआधी जर्नल शेजारच्या मित्राकडे द्या. फक्त ही ओळ वाचून त्याला तेच दृश्य स्वतःच्या मशीनवर उभं करता येतं का, ते बघा. जिथे तो अडला, तिथे ओळीत काय राहून गेलंय ते त्याच जागी भरा.